कुंडीखालचं लाकूड

सुतारकाकांनी माझ्या स्टँडच्या वरच्या अंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. मार्चमध्ये मी स्वतःच्या हातांनी केलेला तो पहिला स्टँड. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा मागचा पाय बसला, मोगऱ्याची कुंडी फरशीवर आपटून फुटली आणि माती खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीपर्यंत गेली. माती भरून, चादर धुऊन दिली आणि दुपारी तो स्टँड काखोटीला मारून काकांच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळात पत्र्याखाली टाकलेलं एक कामाचं टेबल. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ताई, उलटा करा."

उलटा केला. चारी पायांची टोकं वर आली. काकांनी मोडलेल्या पायाला हात न लावता शेजारच्या धडधाकट पायाच्या टोकाला अंगठ्याचं नख लावलं. भिजलेल्या पावात जावं तसं नख आत गेलं. मग दुसऱ्या पायाला. तिथेही गेलं.

"वरून काही बिघडलेलं नाही. खालून पाणी प्यालंय," ते म्हणाले. "रंग वरून मारलात. खाली मारलात का?"

खाली मारला नव्हता. खाली कोण बघतं, असंच तेव्हा मनात होतं.

त्या दिवसापासून दीड वर्ष मी या एका साध्या वस्तूच्या मागे आहे. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये फिरले, जुनं लाकूड विकणाऱ्यांच्या वखारी पाहिल्या, काकांच्या टेबलाशी कितीतरी रविवार बसले आणि दुसरा स्टँड केला. तीन फूट लांब, जेमतेम फूटभर रुंद, दीड फूट उंच. चार पाय, चार पट्ट्या, खाली जोडकाम. एवढ्याशा वस्तूत शिकण्यासारखं इतकं काय असेल, असं घरातल्यांनाही वाटलं. पण घरातलं लाकडी सामान एकदा डोळ्यांसमोर आणा. कपाट, पलंग, देव्हारा, टेबल, यातलं काहीही आपण पाण्यापासून जपतो. पोळपाट रोज धुतो, पण लगेच पुसून उभा करून ठेवतो. कुंडीचा स्टँड हे एकच सामान असं आहे की ते आपण रोज सकाळी मुद्दाम भिजवतो, वर ओली माती ठेवतो आणि वाळायला उसंत देत नाही. तेव्हा लाकूड कुठलं, सांधा कसा, दोन पट्ट्यांत फट किती, पाय कशावर टेकवायचे, हे सगळं अखेर पाण्यालाच विचारावं लागतं.

आणि वजनाला. मी घरातली दहा इंची मातीची कुंडी वजनकाट्यावर ठेवली. सुकी असताना साडेतेरा किलो. खालून पाणी गळेपर्यंत घातलं आणि पुन्हा ठेवली, तर साडेपंधरा. तीन कुंड्यांचे सेहेचाळीस-सत्तेचाळीस किलो झाले, म्हणजे सातवी-आठवीतलं एक मूल त्या स्टँडवर दिवसरात्र बसून आहे. खुर्चीवर माणूस बसतो नि उठतो, लाकडाला विसावा मिळतो. कुंडी उठत नाही.

पहिला स्टँड पाइनचा होता. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्रं ज्या लाकडी चौकटींवर येतात त्या पॅलेटच्या फळ्या पुण्यात स्वस्तात मिळतात, आणि हौशी माणसाचं पहिलं काम बहुधा त्यांतलंच असतं. त्यात वाईट काही नाही. लाकूड मऊ, करवत सहज चालते, खिळा सहज जातो. घेताना फळीवरचा भाजलेला शिक्का मात्र वाचावा. परदेशी ये-जा करणाऱ्या लाकडावर तो लागतोच. त्यात एचटी अशी अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं असतं; गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, किमान ३० मिनिटं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ती फळी घरात आणू नये. पण एचटीचा शिक्का म्हणजे टिकाऊपणाची हमी नव्हे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्या उष्णतेने आतली कीड मरते. उद्या येणारी बुरशी तिने अडत नाही.

लाकूड कुजतं म्हणजे त्याला बुरशी खाते. बुरशीला हवा लागते, ऊब लागते आणि ओल लागते. पहिल्या दोन गोष्टी पुण्याच्या बाल्कनीत बारमाही आहेत. उरली ओल. लाकडातलं पाणी त्याच्या सुक्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांखाली राहिलं तर बुरशीचं काही चालत नाही. म्हणून दोनशे वर्षांपूर्वीच्या वाड्यातली तुळई छपराखाली ठणठणीत राहते आणि त्याच वाड्याच्या न्हाणीघराची चौकट खालून भुसा होते. लाकूड तेच असतं, पाणी वेगळं.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने याची फार सरळ परीक्षा लावली. निरनिराळ्या झाडांच्या गाभ्याच्या खुंट्या करून अर्ध्या जमिनीत पुरायच्या आणि किती महिने तग धरतात ते मोजायचं. सरासरी १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकलं तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिन्यांचा दुसरा, त्याखालचा तिसरा. सागवान पहिल्या वर्गात बसतं. आंबा आणि चीड, म्हणजे आपल्याकडचं पाइन, तिसऱ्यात. एक गोष्ट मात्र नीट वाचली पाहिजे: हा वर्ग गाभ्याचा आहे. सालीलगतचं फिकट, पांढरट लाकूड कुठल्याही झाडाचं असो, ते लवकर कुजतं. सागवानाचं पांढरंसुद्धा. "सागवान" म्हणून पैसे मोजायचे आणि पट्टीच्या कडेला दोन बोटं पांढरं घेऊन यायचं, असं बाजारात सर्रास होतं. काकांनी मला पहिल्याच फेरीत बजावलं होतं, की दुकानदार काय म्हणतो ते नंतर ऐका, आधी टोक ओलं करून रंग बघा.

सागवानाचं पाण्याशी नातं किती जुनं आहे हे सांगायला एक जहाज पुरेसं आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या जहाजबांधणी कारागिरांनी १८१७ मध्ये ट्रिंकोमाली नावाचं लढाऊ जहाज बांधून ब्रिटिश नौदलाला दिलं. मलबारचं सागवान. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. मुंबईत घडलेलं लाकूड दोनशे वर्षं पाण्यात राहतं, तर आपल्या बाल्कनीतल्या तांब्याभर पाण्याचं त्याला काय वाटणार! सागवानाच्या आत स्वतःचं तेल असतं, बुरशीला आणि वाळवीला नकोशी वाटणारी द्रव्यं असतात. आणि ते हलतं कमी. ओलं असताना जितकं रुंद, त्यापेक्षा पूर्ण सुकल्यावर पट्टीची रुंदी सहा टक्क्यांच्या आतच घटते. दुसरीकडे त्यात बारीक वाळूसारखा सिलिकाही असतो, त्यामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. काका दर अर्ध्या तासाने पातं काढून दगडावर लावायचे ते उगाच नाही.

टिंबर मार्केटमध्ये सागवान म्हणजे एक गोष्ट नाही. आफ्रिकेतलं असतं, दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचं असतं, बर्मा म्हणून मिळतं आणि आपल्या विदर्भातलं असतं. त्या शेवटच्याला व्यापारी अजूनही "सीपी" म्हणतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हे नाव नकाशावरून १९५० मध्ये पुसलं गेलं, लाकडाच्या वखारीत ते अजून चालू आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं हे लाकूड. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून जे सागवान वाजतगाजत गेलं ते याच पट्ट्यातलं. भाव ऐकून मी दोनदा रिकाम्या हाताने परतले. तीन कुंड्यांसाठी एवढं मोजावं का, हा प्रश्न खरा होता.

उत्तर जुन्या लाकडात मिळालं. पुण्यात वाडे पडताहेत आणि त्यांचं लाकूड वखारींमध्ये रचून पडलंय. तुळया, चौकटी, जिन्याच्या पायऱ्या, देवळीची फळी. मला एक दाराची उभी चौकट मिळाली. बाहेरून काळी, तेलकट, चुन्याचे आणि निळ्या रंगाचे थर चढलेली. वखारवाल्याने खिशातून लोहचुंबक काढून माझ्या हातात दिलं. "आधी हे फिरवा. खिळा राहिला तर मिलवाला पातं तुटल्याचे पैसे घेईल." मी चुंबक इंच इंच फिरवलं. सात ठिकाणी ते खटकन चिकटलं. सहा खिळे पकडीने निघाले, चौकोनी अंगाचे, हाताने घडवलेले. सातवा आत तुटला होता, त्याच्याभोवतीचं लाकूड लोखंडाने काळंनिळं झालेलं. तेवढा तुकडा कापून टाकावा लागला.

चिराई करून घरी आणल्यावर पहिला रंधा मारला तो क्षण मी विसरणार नाही. वरचा काळा थर कुरळा होऊन बाजूला पडला आणि खालून मधासारखा पिवळसर तांबूस रंग वर आला. वासही आला, तेलकट, थोडा चामड्यासारखा. शंभर वर्षं तरी ते झाड कापून झाली असतील आणि वास तसाच.

आता माप. घनफुटाचा हिशेब सोपा आहे: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घ्यायची, गुणायचं आणि १४४ ने भागायचं. माझ्या स्टँडला चार पाय दोन बाय दोनचे, दीड फुटी. वरच्या चार पट्ट्या अडीच इंच रुंद, एक इंच जाड, तीन फुटी. आणि खालच्या जोडकामाच्या अडीच इंची पट्ट्या. सगळं मिळून अर्धा घनफूट भरतं. चिराईत नि रंध्यात जाणारी घट धरून पाऊण घ्यावं. सुतार इंचाखाली मिलिमीटर बोलत नाहीत, सूत बोलतात. आठ सुतांचा एक इंच. पहिल्या आठवड्यात मी मनातल्या मनात भाषांतर करत होते. महिन्याभराने काका "दीड सूत काढा" म्हणाले की हात आपोआप तेवढंच काढू लागला. बोटांना कळणारं माप आहे ते.

वरच्या पट्ट्यांत चार-चार सुतांची फट ठेवली. सलग फळी दिसायला छान दिसली असती, पण कुंडीखाली पाणी साचून राहिलं असतं. शिवाय लाकूड आडवं फुगतं, उभं जवळजवळ फुगतच नाही. पावसाळ्यात प्रत्येक पट्टी रुंदीला जरा वाढते, त्या वाढीला जागा नको? सलग फळी चारी बाजूंनी ठोकून बसवली तर पहिल्याच श्रावणात ती वर उचलते नाहीतर चिरते. काकांनी पट्ट्यांचा वरचा माथाही रंध्याने जरासा गोलसर करायला लावला, मध्ये उंच, कडांना उतार. हाताला जेमतेम जाणवतो. पाण्याला तेवढा पुरतो.

सांध्यावर मी सर्वांत जास्त दिवस घालवले आणि ते घालवावेत असं आजही म्हणेन. पहिला स्टँड खिळ्यांनी आणि स्क्रूंनी जोडला होता. लोखंड रोज भिजलं की गंजतं, गंजलं की फुगतं, भोक सैल करतं आणि त्याच भोकातून पाणी लाकडाच्या पोटात जातं. म्हणजे जो खिळा सांधा धरायला मारला, त्यानेच पाण्याला वाट करून दिली. या वेळी कुसू आणि भोक. आडव्या पट्टीच्या टोकाला दोन्हीकडून खांदे काढून मधली जीभ ठेवायची, ते कुसू. पायात त्याच मापाचं भोक कोरायचं आणि एकात एक बसवायचं. एक इंची पट्टीला तीन सूत जाड कुसू, म्हणजे साधारण एक तृतीयांश. त्याहून जाड केलं तर भोकाच्या भिंती पातळ पडतात, बारीक केलं तर कुसूच मोडतं.

भोक कोरायला मी सुरुवात केली आणि पहिल्याच पायाचं डोकं उभं चिरलं. काकांनी तो पाय बाजूला ठेवला. चिडले नाहीत. दुसऱ्या पायावर गुण्या लावून रेघ मारली आणि म्हणाले, "वर इंचभर लाकूड जास्त ठेवा. भोक झालं, सांधा बसला, मग कापायचं." जास्तीचं डोकं असलं की पटाशीचा मार सोसायला मागे लाकूड राहतं. मग पटाशी कशी धरायची ते दाखवलं: सपाट बाजू रेघेकडे, तिरकी बाजू भोकाच्या आत, आणि पहिला घाव रेघेवर कधीच नाही, रेघेच्या आत एक सूत. रेघ शेवटी गाठायची. एका भोकाला मला चाळीस मिनिटं लागली. काकांना सहा. पण आठव्या भोकापर्यंत माझी वीसवर आली होती आणि कुसू आत जाताना एक दबका, हवा कोंडल्यासारखा आवाज आला. काकांनी मान वर केली. "हा. असा आवाज पाहिजे."

सांधा घट्ट ओढायला बांबूच्या खुंट्या मारल्या. त्यातली युक्ती अशी, की पायातलं आरपार भोक आणि कुसवातलं भोक अगदी समोरासमोर ठेवायचं नाही. कुसवातलं भोक अर्धा सूत खांद्याकडे सरकवायचं. खुंटी ठोकली की ती वाट सरळ करू पाहते आणि कुसवाला आत खेचते. पाण्याला दाद न देणारा गोंद लावला होता, पण क्लॅम्प लावायची गरजच पडली नाही.

उभा केल्यावर स्टँड डुगडुगला. मी कागदाची घडी शोधायला उठले, तर काकांनी बसवलं. सपाट कडाप्प्यावर स्टँड ठेवला, आखूड पायाखाली पाचर सारून तो स्थिर केला, एका लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरली आणि तो ठोकळा फरशीवरून सरकवत चारी पायांभोवती रेघ फिरवली. चारी रेघा आता फरशीपासून एकाच उंचीवर. त्यांवर करवत फिरवली. बाल्कनीच्या फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, त्यामुळे तिथे स्टँड किंचित कलतो. तो कल मी तसाच राहू दिला. पाणी पट्ट्यांवरून एकाच बाजूला ओघळतं, ते चांगलंच आहे.

आणि मग पायांची टोकं, जिथून हे सगळं सुरू झालं.

झाड जिवंत असताना मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या बारीक नळ्या लाकडात उभ्या असतात. पायाचं टोक आडवं कापलं की त्या नळ्यांची हजारो तोंडं उघडी पडतात. मी घरी एक प्रयोग केला. निळ्या शाईच्या पाण्याच्या वाटीत पाइनचा एक तुकडा आणि सागवानाचा एक तुकडा, दोन्ही बोटभर जाड, उभे करून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही उभे चिरून पाहिले. पाइनमध्ये शाई चार बोटं वर चढली होती. सागवानात सुताभर. म्हणजे माझा पहिला स्टँड पावसाळाभर चारी पायांनी फरशीवरचं पाणी ओढत उभा होता.

काकांना प्रयोगाचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वाड्याचे खांब कधी जमिनीवर टेकलेले पाहिलेत का?" पाहिले होते आणि नव्हतेही. पुण्या-वाईकडच्या वाड्यांच्या चौकात आपण खांब पाहतो तो वर, नक्षीकडे. खाली प्रत्येक खांबाला दगडी तळखडा असतो, घडवलेला, हातभर किंवा वीतभर उंच. लाकूड त्यावर उभं. चौकात पाऊस पडो, सडा पडो, गुरांचं पाणी सांडो, लाकडाचं टोक दगडावर कोरडं राहतं आणि वाळवीलाही वर चढताना उघड्यावर यावं लागतं. इतके वाडे पाहिले, तिथे लहानपण काढलं, त्या तळखड्यांवर बसून भाजलेले शेंगदाणे खाल्ले, आणि ते तिथे कशासाठी आहेत हे मला पन्नाशीत एका सुताराच्या बोळात कळलं.

शहाबादी फरशीच्या पट्टीतून दोन बाय दोनचे चार तुकडे कापून घेतले. पायांची टोकं आधी पातळ केलेल्या इपॉक्सीत भिजवली, नळ्यांनी ते ओढून घेतलं, सुकल्यावर दुसरा हात दिला आणि मग ते दगडी तुकडे खाली चिकटवले. फार तर पाऊण इंचाचे तळखडे. कडा कानशीने मोडल्या, नाहीतर फरशी धुताना बोटाला लागतात.

वरच्या अंगाला पॉलिश केलं नाही. दिवाणखान्यात चपड्याच्या पॉलिशची झळाळी वेगळीच, पण पाणी पडलं की ते पांढरं पडतं. वार्निशचा थरही उन्हात तडकतो आणि तडकेतून शिरलेलं पाणी त्याच थराखाली अडकून राहतं. मी जवसाचं तेल दिलं, हार्डवेअरमध्ये मिळतं ते लवकर वाळणारं, तीन पातळ हात, मध्ये दोन-दोन दिवस. दर पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी एक हात. तेलाचा बोळा मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेल्या कापडात ती ऊब कोंडून आपोआप आग लागू शकते. बोळा दोरीवर पसरून वाळवावा किंवा पाण्यात बुडवून टाकावा. ही भीती खरी आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

स्टँड गेल्या वैशाखात बाल्कनीत गेला. डावीकडे मोगरा, नव्या कुंडीत. मध्ये तुळस, कारण सासूबाईंना ती बसल्या जागेवरून दिसायला हवी. उजवीकडे ओव्याचं झाड, ज्याची पानं आमच्याकडे भज्यांना जातात. आषाढात आठ दिवस पाऊस थांबला नाही, बाल्कनीच्या जाळीतून सरी तिरक्या येत होत्या. मी रोज रात्री बॅटरी घेऊन खाली वाकून बघत होते. दगडाच्या तुकड्यांभोवती पाणी वाहत होतं, दगड काळे दिसत होते आणि त्यांच्या वर लाकडाचा रंग कोरडा, फिका.

नवरात्रात कुंड्या उतरवून मी स्टँड पुन्हा काकांकडे नेला. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न असतं, त्याआधी तेलाचा हात द्यायचाच होता. या वेळी सांगावं लागलं नाही, मीच तो उलटा करून टेबलावर ठेवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. पहिल्या पायाला, दगडाच्या जरा वर, अंगठ्याचं नख लावलं आणि दाबलं. नख पांढरं पडलं. दुसऱ्या पायाला, तिसऱ्याला, चौथ्याला. मग त्यांनी एका सांध्यावर, खुंटीच्या डोक्यावर, बोट फिरवलं आणि तिथेच थोडा वेळ ठेवलं.

"तो चिरलेला पाय आहे ना अजून?" त्यांनी विचारलं.

होता. घरात खिडकीशी ठेवलेला होता.

"आणा पुढच्या रविवारी. वरून चार बोटं कापू. आमच्या घरच्या तुळशीला एक बुटका स्टँड हवाय. भोकं तुम्ही पाडा."